न मारलेली रेघ

मला गाडी चालवता येत नाही. पुण्यात जन्मून सत्तरीला टेकले तरी साधी स्कूटर शिकले नाही, हे आमच्या सोसायटीतल्या बायकांना अजून खरं वाटत नाही. मोटारींच्या शर्यतींबद्दल तर माझं मत एवढंच होतं की, गोल गोल फिरून निघालो तिथेच परत यायचं असेल तर मुळात निघावं कशाला. असं असूनही गेल्या वर्षी आठ महिने मी इंग्लंडमधल्या एका जुन्या शर्यतमार्गाचा इतिहास शोधण्याच्या कामावर होते. त्या मार्गाच्या कुठल्या वळणावर काँक्रीटला तडा गेला होता, हे मला आज कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांपेक्षा नीट सांगता येईल.

काम आलं ते सुनेमुळे. ती आयटीत आहे. एका संध्याकाळी ऑफिसातून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आई, तुम्हाला शॉर्टहँड अजून वाचता येतं ना? आमच्या एका क्लायंटचे फादर-इन-लॉ आहेत तिकडे. त्यांना अर्जंट कुणीतरी हवंय. तिथे म्हणे आता कुणालाच येत नाही."

"येणारे गेले असतील," मी म्हणाले.

"तेच ना! म्हणून मी तुमचं नाव दिलं."

मी अजून आहे, हे तिने ऑफिसात सांगितलं याचा मी आनंद मानला.

हे सासरे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. मी त्यांना मनात मास्तरच म्हणायचे. आपल्या गावाबाहेरच्या शर्यतमार्गावर ते पुस्तक लिहीत होते. हा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, मोटारी नव्या होत्या तेव्हाचा. तिकडचा सगळ्यांत पहिला नव्हे, पण सुरुवातीच्या चारपाचांतला. शेतजमिनीवर काँक्रीट ओतून केलेलं लांबट रिंगण. वळणावर बाहेरची कड घराएवढी उंच उचललेली, म्हणजे वेगातली गाडी बाहेर फेकली जाऊ नये. युद्धात तो बंद पडला आणि पुन्हा उघडलाच नाही. आता तिथे घरं झालीत, एक मोठं दुकान झालंय, आणि दुकानाच्या मागे वळणाचा एक तुकडा झुडपांत उभा आहे. मास्तरांनी त्याचा फोटो पाठवला होता. कात्रजच्या जुन्या घाटातला एखादा कठडा वाटावा, इतपतच.

मार्गाच्या व्यवस्थापकाची पत्रं लिहून घ्यायला एक टायपिस्ट मुलगी होती. टाईप झालेल्या पत्रांच्या फायली कधीच गहाळ झाल्या, पण तिच्या शॉर्टहँडच्या सहा वह्या कुणाच्या तरी माळ्यावर सापडल्या होत्या. त्या वाचून टाईप करायच्या, हे माझं काम.

पहिल्याच ईमेलमध्ये मास्तरांनी सांगून टाकलं की, बाकी सगळं पुस्तकासाठी हवंय, पण एक गोष्ट एका माणसासाठी हवी आहे. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी मेकॅनिकही बसत असे. चालता चालता तेल पंप करायचं, चाकांवर लक्ष ठेवायचं, मागून कोण येतंय ते बघायचं. एका शर्यतीत गाडी वळणाच्या कडेवरून उडाली. चालक वाचला, मेकॅनिक गेला. चाकाचा नट त्यानेच नीट आवळला नव्हता, असं शर्यतवाल्यांनी जाहीर केलं आणि गावाने ते मान्य करून टाकलं. त्याची नात अजून त्याच गावात राहते, ऐंशीच्या घरात आहे. नट खरंच सैल राहिला होता का, एवढं तिला जाण्याआधी कळायला हवं होतं.

मी लिहिलं, बघू या.

इथे शॉर्टहँडबद्दल थोडं सांगायला हवं. बोलण्याच्या वेगाने लिहिता यावं म्हणून केलेल्या या खुणा: बारीक रेघ, जाड रेघ, आकडा, टिंब. मी त्या शनिवार पेठेतल्या एका जिन्यावरच्या क्लासात शिकले. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि देवांच्या फळीवर पुस्तकं आली. मी जन्मले तेव्हा फळी भरलेली होती. मुलीने टेबलखुर्चीवर बसून काम करावं, हा त्यांचा हट्ट. मी मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा दिली, एका सरकारी खात्यात स्टेनो म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

क्लासात पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट शिकवायचे. पत्र टाईप होऊन सहीला गेलं की वहीतल्या त्या खुणांवर वरून खाली एक तिरकी रेघ मारायची. रेघ आहे म्हणजे पत्र गेलं. रेघ नाही म्हणजे काम बाकी आहे. दिवसाला तीस पत्रं घेणाऱ्या बाईला दुसरा आधार नसतो. ही सवय डोक्यात राहत नाही, हातात उतरते. इंग्लंडातल्या त्या मुलीच्या वहीतही पानोपानी तशाच तिरक्या रेघा होत्या. ते बघून मला बरं वाटलं, आणि मास्तरांना मी मोठ्या तोऱ्यात रेघेचा अर्थ कळवून टाकला.

मास्तर पानांचे फोटो ईमेलने पाठवायचे. स्क्रीनवर वाचायला माझे डोळे राजी नव्हते, म्हणून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्या प्रिंट काढून आणायचे. दुकानदाराने पहिल्या दिवशी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"काकू, हे काय? डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन?"

"हो. आजार जुना आहे."

त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. पुण्यात एवढं पुरतं.

घरी जेवणाच्या टेबलावर प्रिंट पसरून मी आधी अस्पष्ट खुणा पेन्सिलीने गडद करायचे, शंका असेल ते शेजारी लिहायचे आणि मग टाईप करायचे. माझे गडद केलेले कागद मास्तरांना मूळ वहीपेक्षा सुवाच्य वाटले. तेव्हापासून टाईप केलेल्या मजकुराबरोबर तेही दुकानात स्कॅन करून पाठवायचे, असं ठरलं.

ती मुलगी मला हळूहळू कळू लागली. तिचं नाव कुठेच नव्हतं. आम्हा लोकांचं नसतंच. पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात दोन आद्याक्षरं, तेवढीच आमची हजेरी. पण हात कळतो. सकाळी तिच्या रेघा सरळ असत, चारनंतर चढाला लागत. व्यवस्थापक भराभर बोलला की ती टिंबं गाळायची, आणि तो कुणावर भडकला की तिच्या जाड रेघा आणखी जाड व्हायच्या. एका वहीच्या शेवटच्या पानावर सामानाची यादी होती: सुई, काळा दोरा, साबण, बुटांचे बंद. तीही शॉर्टहँडमध्ये. मीही आयुष्यभर वाण्याची यादी तशीच केली, घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून.

पत्रं मजेशीर होती. शेजारचे शेतकरी आवाजाने हैराण झाले होते. एकाच्या गाई म्हणे दूध देईनाशा झाल्या होत्या. पाद्रीबुवांना रविवारच्या प्रार्थनेत गाड्यांचा आवाज नको होता. व्यवस्थापक सगळ्यांना उत्तरं द्यायचा, आणि एवढ्या गोड शब्दांत एवढा स्पष्ट नकार मी सदाशिव पेठेबाहेर पहिल्यांदाच वाचला. सगळ्यांत जास्त पत्रं काँक्रीटबद्दल होती. खालची जमीन पोकळ, काँक्रीट घाईघाईने ओतलेलं, त्यामुळे ते खचायचं आणि सांधे उघडायचे. दर हिवाळ्यात डागडुजी चाले आणि दर उन्हाळ्यात पुन्हा तेच. आमच्या महानगरपालिकेने या माणसाला डोक्यावर घेतलं असतं.

चौथ्या वहीत अपघात आला.

शर्यतीनंतर तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने मेकॅनिकच्या विधवेला पत्र सांगितलं होतं. पान-सव्वा पानाचं. आपल्या पतीची चूक नव्हती, असं तो म्हणत होता. गाडी परत आणल्यावर चाक तपासलं, नट पक्का होता. उलट, अपघाताच्या दोन दिवस आधी त्यानेच येऊन पूर्वेच्या वळणावरचा सांधा उघडल्याचं सांगितलं होतं. तो भरायला हवा होता. भरला नाही, ही जबाबदारी आमची आहे. बाहेर जे बोललं जातंय ते खोटं आहे, आणि ते मी खोडून काढीन.

मी ते दोनदा वाचलं. टाईप केलं, तिसऱ्यांदा ताडून पाहिलं. मास्तरांना पाठवताना "सापडलं" एवढंच लिहिलं. मला आनंद झाला होता, आणि तो लपवायचं काही कारण नव्हतं. रात्री सुनेला शिरा करून घातला. ती म्हणाली, "वॉव, आज काय स्पेशल?" मी म्हणाले, "नट पक्का होता." तिने मान डोलावली आणि मोबाईल हातात घेतला.

आठवड्याने मास्तरांचं उत्तर आलं. सोबत नातीचं पत्रही होतं. मला वाटलं होतं, आभाराचं असेल.

नातीने लिहिलं होतं की, आजोबा निर्दोष होते हे कळलं, बरं झालं. पण मग आजीचं काय? आजी तिला लहानपणी सांगायची की, तिकडून मला एका शब्दाने कुणी काही कळवलं नाही. त्यांची चूक नव्हती असं एक माणूस जरी बोलला असता तरी मी जगले असते. नातीच्या आईने आयुष्यभर खालमानेने दिवस काढले, लग्नात वडिलांचं नाव घेतलं नाही. आणि असं पत्र घरात होतं? आजीला ते मिळालं होतं आणि तिने दडवलं? कशासाठी? लोकांची दया मिळत राहावी म्हणून? शेवटी एकच ओळ होती: आजीचा फोटो मी भिंतीवरून काढून ठेवला आहे.

पत्र गेलं होतं याची खात्री काय, असं मी मास्तरांना लगेच विचारलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. तुम्हीच तर शिकवलंत, असं त्यांनी लिहिलं होतं. तुमच्या कागदावर त्या पत्रावर रेघ स्पष्ट आहे.

मी फाईल काढली. कागदावर रेघ होती. पेन्सिलीची, वरून खाली, तिरकी.

ती रेघ माझी होती.

टाईप करून झालं की रेघ. अडतीस वर्षं हात हेच करत आला. मी सगळे कागद चाळले. जवळजवळ प्रत्येक पत्रावर तिची रेघ आणि तिच्या शेजारी माझी. गडद केलेल्या खुणांच्या गर्दीत कुठली तिची आणि कुठली माझी हे स्कॅनमध्ये कळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. कारकुनाने केली नसती, विद्वानाने तर नाहीच नाही. ती फक्त चांगल्या स्टेनोच्याच हातून होऊ शकत होती, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं.

सुनेच्या लॅपटॉपवर मी मास्तरांचे मूळ फोटो उघडले. आधीच्या पत्रावर रेघ, नंतरच्या पत्रावर रेघ. मधल्या सव्वा पानावर काही नाही.

एका पानावरून निकाल देणं बरं नव्हे, म्हणून मी सहाच्या सहा वह्या पुन्हा पाहिल्या. चार दिवस लागले. अख्ख्या सहा वह्यांत रेघेवाचून राहिलेली आणखी तीनच पत्रं निघाली, आणि ती तिन्ही पुढे सुधारून पुन्हा सांगितलेली होती. मुलगी विसरणाऱ्यांतली नव्हती. आणि विधवेचं पत्र जिथे संपत होतं तिथून दोन पानांवर, त्याच विधवेच्या नावे, चार ओळींचं दुसरं पत्र होतं. ते मी टाईप केलं होतं, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आपल्या पतीचे कपडे आणि हत्यारांची पेटी शेडमध्ये आहे, ती शनिवारच्या आत घेऊन जावी. त्यावर रेघ होती. तिची, ठसठशीत.

म्हणजे त्या बाईला काय पोचलं आणि काय नाही, ते मुलीच्या वहीत सरळ दिसत होतं. कुणीतरी बघायला हवं होतं, एवढंच.

मास्तरांना आणि नातीला लगेच कळवायला हवं होतं. मी आणखी दोन दिवस घालवले. चूक कबूल करायची लाज वाटत होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. रेघ न मारलेलं पान कसं दिसतं हे मला फार चांगलं माहीत होतं. अडतीस वर्षांत माझ्याही वहीत तसं एकच राहिलं होतं.

आमच्या ऑफिसची जीप कात्रजच्या घाटात उतारावर कठड्याला धडकली होती. आतल्या इंजिनिअरचा पाय मोडला. ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, आणि तेच त्यांना नडलं. चौकशी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं आणि वरच्या ऑफिसला पत्र सांगितलं. ब्रेक नीट नसल्याबद्दल ड्रायव्हरने तीन लेखी अर्ज दिले होते, तिन्ही साहेबांच्याच टेबलावर पडून राहिले, सबब ड्रायव्हरला दोष देता येणार नाही. स्वच्छ पत्र होतं. सांगून झाल्यावर साहेब उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "बाई, हे आत्ता राहू द्या."

मी वही मिटली. दुपारी त्यांनी पुन्हा बोलावलं आणि दुसरं पत्र सांगितलं: ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. ते मी टाईप केलं. सहीला ठेवलं. रेघ मारली.

मामांची नोकरी गेली. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले ऑफिसात कमी नव्हते, आणि ही बाई इथवर कशी आली हे कुजबुजणारेही होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात होतं म्हणून सांगते. भरलेल्या वह्या जाळून टाकायचा नियम होता. वर्षअखेरीस तीही वही जळाली. पुढे एकदा मार्केट यार्डात मामा दिसले. टेम्पोवर होते, कांद्याची पोती उतरवून घेत होते. त्यांनी मला ओळखलं, मुलगी कितवीत गेली ते विचारलं. मी सांगितलं आणि कोथिंबीर घेऊन घरी आले.

सातव्या दिवशी मी दोघांनाही सविस्तर लिहिलं. रेघ माझी, पत्र कधीच टाईप झालं नव्हतं, आजीला पोचली ती फक्त शनिवारची चार ओळींची चिठ्ठी. मूळ फोटो जोडले, माझे कागदही जोडले, दोन्ही शेजारी शेजारी. चुकीबद्दल माफी मागितली. मास्तर सज्जन. त्यांनी लिहिलं की, अशी चूक होऊ शकते हेच पुस्तकात घालण्यासारखं आहे. मी कळवलं की, घाला, पण माझं नाव नको.

नातीचं पत्र छोटं होतं. फोटो पुन्हा लावला आहे. हत्यारांची पेटी अजून माझ्याकडे आहे, ती आजीने शनिवारी स्वतः ढकलगाडीवरून आणली होती, असं आई सांगायची. तुमचे आभार. आणि त्याखाली एक प्रश्न होता. तो रागाने विचारलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. तिने लिहिलं होतं, "ज्या मुलीने ते पत्र लिहून घेतलं तिला सगळं माहीत होतं ना? ती त्याच गावात राहत असणार. ती आजीला काहीच कशी बोलली नाही?"

मी उत्तर टाईप केलं. लिहून घेणाऱ्याला मजकुरावर हक्क नसतो. ऑफिसातलं ऑफिसात ठेवायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. उत्तर बरोबर होतं. व्याकरणाची चूक नव्हती. मी ते पाठवू शकले नाही.

त्याऐवजी ऑफिसातल्या एका जुन्या शिपायाला फोन केला. मामा कुठे असतात ते त्याला माहीत होतं.

मग साहेबांचं सकाळचं पत्र टाईप केलं. साहेब जाऊन वर्षं झाली, वही जळालेली. शब्दन् शब्द आठवतो असं म्हणाले तर खोटं होईल. जेवढं खात्रीने आठवत होतं तेवढंच लिहिलं, आणि वर तसं नमूद केलं.

मामा कात्रजला डेअरीच्या मागच्या बाजूला मुलीकडे राहतात. ऐंशी ओलांडली आहे, ऐकायला कमी येतं, पण बसले होते ताठ. मला बघून म्हणाले, "या बाई. मुलगी काय करती आता?"

"बँकेत आहे, मामा."

"ब्येस. अन् तुमी रिटायर?"

"झाले. तुमच्याकडे एक काम होतं."

कागद इंग्रजीत होता. मी तो त्यांना मराठीत वाचून दाखवला, मोठ्याने, दोन वेळा. मुलगी चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

वाचून झाल्यावर म्हणाले, "हे सायबांनी सांगितलं व्हतं?"

"हो. त्याच दिवशी सकाळी."

"मंग टाईप का न्हाई केलं?"

"साहेब म्हणाले, राहू द्या."

"अन् तुमी राहू दिलं."

मी हो म्हणाले. मला रडू आलं नाही, पण त्यांच्याकडे बघताही आलं नाही. मुलीने चहा खाली ठेवला. ती वडिलांकडे बोट करून म्हणाली, "दादा रोज सांगायचे आम्हाला, तीन अर्ज दिले होते म्हणून. आईलासुद्धा शेवटी शेवटी ते खरं वाटेना झालं होतं."

मामांनी कागद हातात घेतला, चष्म्याजवळ धरला. "अर्जांच्या तारखा कुठं हायेत यात?"

"त्या मला आठवत नाहीत, मामा."

"मला हायेत ठाऊक. लिव्हा."

मी पर्समधून वही काढली. मामा सांगू लागले. तिन्ही अर्जांच्या तारखा, वार, कुणाच्या हातात दिले, कोण काय म्हणालं, घाटात कुठल्या वळणावर पेडल खाली गेलं. ते सावकाश बोलत होते आणि कुठेही अडत नव्हते. इतकी वर्षं मनात घोकलेलं होतं सगळं. मी खाली मान घालून लिहीत होते. मधे थांबून ते वाकून वहीत बघायचे. खुणा त्यांना कळत नव्हत्या, पण मी थांबत नाही ना, एवढं ते बघत होते.

निघताना म्हणाले, "टाईप झालं की आणा. ह्ये राहू देऊ नका."

चार दिवसांनी मी ते मराठीत टाईप करून नेलं. दोन पानं झाली होती. मामांनी मुलीकडून पूर्ण वाचून घेतलं आणि खाली सही केली. डाव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे माझी दोन आद्याक्षरं होती. मी मामांचं पेन मागून घेतलं, आद्याक्षरांच्या पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं: मला हे त्याच दिवशी माहीत होतं.

मग तिथेच, त्यांच्यासमोर वही उघडली आणि रेघ मारली.